एकट्याचं गाऱ्हाणं

परवापासून वाऱ्याला माशाच्या तेलाचा वास आहे. होड्यांवरचे माडाच्या झावळ्यांचे झाप उतरले, फळ्या तेल पिऊ लागल्या, आणि पावसाळाभर गढूळ राहिलेलं पाणी थोडं आत हिरवं दिसायला लागलं. श्रावणातली पौर्णिमा जवळ आली. समुद्राला नारळ द्यायचा, मग होड्या ढकलायच्या. बाहेरच्या माणसाला हा वास सोसत नाही. मला तो अत्तरासारखा वाटतो असं मी म्हणणार नाही, मला तो धंद्याचा वास वाटतो. किनाऱ्यावरच्या लिलावात दुसऱ्यांच्या टोपल्या वाहून मी वर आलो. आज माझ्या बर्फाच्या पेट्या घाट चढून कोल्हापूरपर्यंत जातात. सुरमईचे कल्ले उघडायच्या आधी मी तिचा दर ठरवलेला असतो, आणि समोरचा कुठे येऊन थांबेल ते त्याच्या डोळ्यांवरून ओळखतो. ह्यातलं काही मला कोणी शिकवलं नाही आणि कोणी दिलंही नाही.

पण ह्या वासात एक श्रावण अडकून बसला आहे. त्या श्रावणात माझ्या बहिणीला हा वास सोसला नव्हता.

आम्ही तिला आका म्हणतो. माझ्याहून मोठी. नवरा लवकर गेला, तेव्हा लहानग्या मुलीला, सुलूला, कडेवर घेऊन ती माहेरी आली आणि दुसऱ्याच दिवशी टोपली घेऊन कुणकेश्वरच्या बाजारात बसली. मासा शिळा आहे की ताजा, हे ती पाठमोरी असताना सांगायची. लिलावात मी आवाज चढवला, मानेची शीर फुगली, की पाठीमागून तिचा हात खांद्यावर पडायचा. हात पडला की मी एक श्वास घ्यायचो, आणि त्या एका श्वासात माझे पुष्कळ सौदे वाचले आहेत. राग ही माझी पुंजी. पण पुंजी कधी काढायची आणि कधी झाकून ठेवायची, हे त्या हाताला माझ्याहून जास्त कळायचं.

आता एका शब्दाबद्दल सांगायला हवं. घाटावर गाऱ्हाणं म्हणजे तक्रार. आमच्याकडे गाऱ्हाणं घालतात ते देवाला. गावाचा मानकरी पुढे उभा राहतो, नारळ हातात धरून देवाशी मोठ्याने बोलतो, वाकडं असेल ते सरळ कर म्हणतो, आणि प्रत्येक वाक्याला मागचा सगळा जमाव एका सुरात म्हणतो, ‘व्हय म्हाराजा!’ ते ‘व्हय’ आलं की बोललेलं खरं होतं. मानकऱ्याचा शब्द पुढे जातो तो मागच्यांच्या होकारावर.

पौर्णिमेला आमच्या किनाऱ्यावर गाऱ्हाणं घालायचा मान माझ्या चुलतभावाचा, आप्पाचा. त्यात तो घरं घेतो. वडाखालचं घर, बावीवरचं घर, खाडीकडचं घर. होड्या असणारं एकेक घर नाव घेऊन समुद्राच्या ओटीत घालतो. आमचं चिंचेखालचं घर ह्या यादीत माझ्या आजोबांच्याही आधीपासून होतं. मी माझ्या होडीला इंजिन बसवलं. किनाऱ्यावरून रापणीचं मोठं जाळं ओढणाऱ्यांना, आणि त्यांच्यातल्याच आप्पाला, वाटलं, ह्याच्या आवाजाने किनाऱ्याकडे येणारी मासळी फुटते. भांडण झालं. मी बोललो, तेही बोलले. आणि त्या वर्षीच्या पौर्णिमेला आप्पाने खाडीकडचं घर घेतलं, एक श्वास थांबला, आणि पुढच्या घरावर गेला. चिंचेखालचं घर गाळलं. सगळ्या गावादेखत. माझ्या बापाचं घर होतं ते, माझ्या इंजिनाचं नव्हे.

हा राग मी कोणापासून लपवलेला नाही आणि आजही विकायला काढलेला नाही.

पुढच्या वर्षापासून मी पौर्णिमेला त्या जमावात गेलो नाही. किनाऱ्याच्या दक्षिण टोकाला काळे खडक आहेत, तिथे जाऊन माझा नारळ मी एकटा सोडायचो. पहिल्या वर्षी नारळ हातात धरून गाऱ्हाणं सुरू केलं आणि पहिल्याच वाक्याला अडलो. एकट्याने गाऱ्हाणं घालता येत नाही. ‘व्हय’ म्हणायला दुसरं माणूस लागतं. तेवढ्यात पाठीमागे खडकावर पदर सावरत आका उभी. म्हणाली, “घाल गाऱ्हाणा. मी आसय.” मी बोललो आणि ती एकटी, चांगल्या खणखणीत आवाजात, अख्ख्या गावाच्या वाटणीचं ‘व्हय म्हाराजा’ म्हणाली. लाटा फुटत होत्या तरी ऐकू आलं. मग दर वर्षी तसंच.

तिच्या मानेवरची गाठ पहिल्यांदा मीच पाहिली. वाटलं, टोपलीच्या भाराने शीर आखडली. तीही तेच म्हणाली. मग बारीक ताप, मग दुसरी गाठ काखेत. सुलू तेव्हा पुण्याला पेशींवर संशोधन करत होती. ती आली, आईच्या मानेला बोटं लावली आणि तिचा चेहरा असा झाला की लिलाव उलटला हे मला कळलं. मुंबईच्या हॉस्पिटलात गाठ तपासली. लिम्फोमा, म्हणाले. रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर. औषध होतं. ठरावीक दिवसांनी जाऊन सुईवाटे घ्यायचं, मध्ये घरी यायचं, पुन्हा जायचं. कोकण रेल्वेच्या नांदगावहून गाडी पकडायची, परत नांदगावलाच उतरायचं. त्या स्टेशनावर बाकाच्या कडेला बसून ओकारी आवरणारी माझी बहीण, आणि केस गेलेलं डोकं झाकणारा तिचा सुताचा पंचा, हे मला आजही गाडीची शिट्टी ऐकली की दिसतं.

आणि मग तो श्रावण. अर्धी औषधं झाली होती, गाठी पुष्कळ बसल्या होत्या, आणि आका म्हणाली, आता जायचं नाही. तिच्या जिभेला सगळं लोखंड लागत होतं. तोंडात फोड. पेजेचं पाणीही टोचायचं. होड्यांना तेल लागलं तेव्हा तिने खिडक्या लावून घेतल्या. मासळीवर जन्म काढलेल्या बाईने माशाच्या वासाला खिडकी लावली! गाठी बसल्या आहेत, मग अजून कशाला, हा तिचा सवाल. मला उत्तर येत नव्हतं, आणि उत्तर आलं नाही की मी ओरडतो. मी ओरडलो. तिने भिंतीकडे तोंड केलं.

सुलू म्हणाली, “मामा, ओरडा नको. तिका समजान सांगूया. तुकाय समजूक व्हया.”

मागच्या पडवीत जाळी पसरली होती, तिथे बसलो. मी म्हटलं, “माका एकच सांग. ह्यो रोग खंयसून इलो? बाहेरच्या ट्रॉलरासारखो घुसलो काय? घुसलेल्याक हाकलूक माका येता.”

“खंयसून येवक नाय, मामा. घरचोच आसा.”

मग तिने तो शब्द काढला. ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर. आतल्या खोलीतून आकाचा बसलेला आवाज आला, “प्रिस्क्रिप्शन माका म्हायत आसा. ह्यो तेचो कोण? भाऊस?”

सुलू हसली. बऱ्याच दिवसांनी त्या घरात कोणी हसलं. मग ती सांगायला लागली आणि दोनदा अडखळली. पेशी म्हणाली, केंद्रक म्हणाली, जनुक म्हणाली. मला काही उमगलं नाही, आणि उमगलं नाही की माझा पाय हलायला लागतो. तिने माझ्या पायाकडे पाहिलं आणि ते शब्द सोडून दिले. मग आधीच ठरवून ठेवल्यासारखी म्हणाली, “मामा, गाऱ्हाणा.”

“कसला गाऱ्हाणा?”

तिने असं सांगितलं. पांढरी पेशी म्हणजे एक गाव समज. गावाच्या मधोमध देऊळ. देवळात काय काय करता येईल ते सगळं ठेवलेलं आहे: शस्त्र आहे, अन्न आहे, माणसं वाढवायची युक्ती आहे. पण ते आपोआप बाहेर येत नाही. कोणीतरी आत जाऊन गाऱ्हाणं घालावं लागतं. हा जो फॅक्टर, तो गाऱ्हाणं घालणारा मानकरी. एरवी तो देवळाबाहेर पडवीत बसलेला असतो, आणि त्याच्या खांद्यावर एकाने हात ठेवलेला असतो. हात आहे तोवर तो उठत नाही. जखम झाली, ताप आला, बाहेर आरडाओरडा झाला, की तो हात सुटतो. मानकरी आत जातो, गाऱ्हाणं घालतो, आणि आतून उत्तर येतं, ‘व्हय म्हाराजा’. पेशी जागी होते, लढते, एकीच्या दोन होतात, दोनाच्या चार.

“म्हणजे बरोच मनीस तो,” मी म्हटलं.

“बरोच. तो नाय तर साधो फोड बरो होवचो नाय.”

“मग?”

“बऱ्या गाऱ्हाण्याच्या आत एक ओळ आसता, मामा. तो मागता, माझ्या खांद्यार परत हात ठेवणारो दी. म्हणजे काम झाला की तेका गप करणारो तोच बोलावन घेता. आणि तो गप होता.” ती जाळ्याची गाठ बोटाने फिरवत होती. “आवशीच्या गाठीसारख्या बऱ्याच गाठींत तो हातच मोडलेलो आसता. जखम नाय, ताप नाय, तरी मानकरी आत उभो आणि सारख्या गाऱ्हाणा घालता. गाव सारख्या व्हय म्हणता. पेशी वाढतच जातत. मरायची येळ इली तरी मरनत नाय, कारण मरू नको म्हणानय तोच सांगता.”

तिने लगेच हेही सांगितलं की आईच्या गाठीत नेमका हाच बिघाड आहे का, हे तिला ठाऊक नाही. ह्या जातीच्या बऱ्याच गाठींत तो सापडतो, एवढंच. आणि मग खाली मान घालून म्हणाली, पुण्याला मी अभ्यास करत होते तो ह्याचाच. उंदराच्या पेशींत. हाच मानकरी केव्हा आत जातो आणि केव्हा बाहेर येतो ते बघत होते.

मी विचारलं, मग त्याला ठार का करत नाहीत? ती म्हणाली, त्याला मारलं तर अंगात लढणारं कोणी उरणार नाही. त्याला मारायचं नाही, वेळेवर गप्प करायचं, आणि तसं औषध जगभर शोधतायत. आज जे मिळतं ते बरंचसं आंधळं आहे. वाढणारी पेशी दिसली की मारतं. म्हणून केस जातात, जीभ जाते. पण गाठ दिसेनाशी झाली तरी एखादा मानकरी कोपऱ्यात हळू आवाजात बोलत बसलेला असू शकतो. म्हणून उरलेली औषधं.

माझ्या आयुष्यात मी शत्रू नेहमी बाहेर पाहिला. समोरच्या टोपलीमागे, पलीकडच्या वाडीत, आप्पाच्या ओठांवर. घरातलंच चांगलं माणूस गप्प बसायचं विसरलं म्हणून घर बुडू शकतं, हा हिशेब मला नवा होता. मला तो आवडला नाही. पण पटला.

मग मला एक शंका आली. “सुलू, गाऱ्हाण्यात गप बसाची ओळ आसता ह्या तुका कोणी सांगितल्यान? खडकार तू कधी येवक नाय.”

ती दाराकडे सरकली. “आप्पामामाकडे गेललंय. सगळा गाऱ्हाणा परत सांगूक लावलंय. शेवटाक तो म्हणता मा, आता माका उसंत दी, म्हाराजा.”

“तेच्या दारात गेलंस? आपल्या घराचा नाव गाळणाऱ्याच्या?”

“चाय पण पिवन इलंय,” सुलू म्हणाली आणि पळाली.

आतल्या खोलीत आका सगळं ऐकत होती. मी गेलो तेव्हा ती उठून भिंतीला टेकून बसली होती, आणि तिच्या डोळ्यांत मी फार दिवसांनी तो बाजारातला डोळा पाहिला. गिऱ्हाईक हलणार नाही हे कळल्यावर तिचा एक डोळा किंचित बारीक होतो.

“मुंबयक जातंय मी,” ती म्हणाली. “पण माझो भाव आसा.”

“सांग.”

“पुनवेक खडकांर जावचा नाय. आप्पाच्या मागे, सगळ्यांबरोबर उभ्या रवायचा.”

“ता सोडून बोल.”

“दुसरा माका काय नको.”

“तुका काशीक नेतंय. घराक नवीन कौला घालतंय.”

“कौला काय मी खातलंय? जीभ नाय माझी धड.” तिने घसा खाकरला. “माझ्या घशाक आवाज नाय रे, बाबल्या. औंदा खडकार इलंय तरी व्हय म्हणूक येवचा नाय. तुझ्या गाऱ्हाण्याक कोण व्हय म्हणतला? कुर्ल्ये?”

खडकांवरचे खेकडे डोळ्यांपुढे आले, आणि मी पाय हलवत राहिलो. मग माझा शेवटचा भाव सांगितला. “बरा. मी थंय उभो रवतंय. पण तोंड उघडूचंय नाय.”

“बरा,” आका म्हणाली. “मग मीय थंय सुई टोचूक देतंय. पण औषद आत जावक देवचंय नाय.”

मी आयुष्यभर घासाघीस केली आहे. गोव्याच्या व्यापाऱ्यांना मी पाणी पाजलं आहे. त्या खोलीतून मात्र मी माझं सगळं देऊन बाहेर आलो, आणि गिऱ्हाईक पंचा डोक्यावर घट्ट बांधत हसत होतं.

पौर्णिमेला ऊन होतं. समुद्र अजून फुगलेला, पण रंग उतरलेला. बायकांनी नवे नारळ हळदीकुंकवाने रंगवले होते, पोरं होड्यांच्या काठांवर चढली होती. मी गेलो तेव्हा लोकांनी मला वाट करून दिली, ती मानाने की मजा बघायला, हे मी ठरवलं नाही. आप्पाने माझ्याकडे पाहिलं नाही. त्याने नारळ वर धरला आणि सुरू केलं.

“बा दर्याच्या धन्या, म्हाराजा! तुझी लेकरा आज वाळयेर उभी हत.”

“व्हय म्हाराजा!”

मी ओठ हलवले. आवाज काढला नाही. वडाखालचं घर. व्हय. बावीवरचं घर. व्हय. खाडीकडचं घर. व्हय. मग तो श्वास थांबला. मी त्या थांबण्याची किती वर्षं घरी बसून उजळणी केली होती, पण समोर उभा राहून तो पुन्हा ऐकणं वेगळं. तेवढ्या उसंतीत लाट फुटल्याचा आवाज आला, आणि आप्पा पुढच्या घरावर गेला. चिंचेखालचं घर पुन्हा गाळलं.

माझी शीर फुगली. खांद्यावर हात पडला नाही, कारण हात घरी होता, पंचा बांधून. मी वळणार होतो. खरंच वळणार होतो. पण मी गेलो असतो तर सुई टोचली गेली असती आणि औषध आत गेलं नसतं. मी वाळूत टाचा रुतवल्या.

गाऱ्हाणं संपत आलं. आता उसंत दे म्हणायची वेळ आली. आणि आप्पा थांबला, नारळ खाली घेतला, पुन्हा वर केला.

“आणि म्हाराजा, ह्या गावची एक लेक मुंबयक औषदाक जाता. तिच्या अंगात जो कोण अवेळी गाऱ्हाणा घालीत बसलो आसा, मानकरी म्हणान मीच तेका सांगतंय, तुझा काम झाला, आता गप रव. तेच्या खांद्यार हात ठेव, म्हाराजा!”

लोकांना ओळ नवी होती; सुलू त्याच्या दारात चहाबरोबर काय सांगून आली ते मला आता कळलं. अर्ध्यांना काही कळलं नसेल. पण आमच्या गावाला ‘व्हय’ म्हणायला कळावं लागत नाही. ते आलं, होड्यांवरच्या पोरांसकट आलं, आणि त्यात माझाही आवाज होता. सौद्यात ठरला होता त्याहून मोठाच निघाला.

आकाने उरलेली सगळी औषधं घेतली. मी दर वेळी नांदगावच्या स्टेशनावर तिला उतरवून घ्यायला गेलो. दिवाळीनंतर कधीतरी तिने खिडकी उघडली, नाक वर केलं आणि म्हणाली, “बाजूच्यांनी बांगडे हाडले हत. कालचे.” मी शेजारी जाऊन विचारलं. कालचेच होते. त्या संध्याकाळी तिने त्रिफळं घालून माशाचं तिखलं, घट्ट तिखट कालवण, करायला लावलं आणि चार घास खाल्ले. डोळ्यांतून पाणी आलं ते तिखटाचं, असं ती म्हणाली.

त्याला आता बरीच वर्षं झाली. आकाचे केस परत आले, पिकलेले आणि कुरळे; आवाज मात्र घोगराच राहिला. सुलू अजून त्या मानकऱ्याच्या मागेच आहे. आता माणसांच्या गाठींत त्याला बघते. सुट्टीत आली की सांगते, आवाज खाली आणणारी औषधं काही जणांवर वापरून बघतायत, कुठे लागू पडतात, कुठे नाही. मी तिला विचारतो, “गप झालो काय तो?” ती म्हणते, “थोडो थोडो ऐकता आता, मामा.” धंद्यातही असंच असतं. पहिल्या बोलीत कोणी खाली येत नाही.

आप्पाचं आणि माझं बोलणं आजही नाही. माझ्या घराचं नाव त्याने अजून घेतलेलं नाही, आणि ती गोष्ट मी विसरणार नाही. माझी मुलंही विसरणार नाहीत अशी मी सोय केली आहे. पण खडकांवर मी पुन्हा गेलो नाही. सौदा एका वर्षाचा होता की कायमचा, हे आकाने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

दोनतीन दिवसांत पौर्णिमा. मी जाईन, मागच्या बाजूला उभा राहीन. वडाखालचं घर, बावीवरचं घर, खाडीकडचं घर. मग तो एक श्वास थांबेल. औषधं संपल्याच्या पुढच्या पौर्णिमेपासून ती उसंत रिकामी जात नाही. सगळा किनारा गप्प असतो, पोरं आधीच हसायला टपलेली असतात, आप्पा उगाच घसा खाकरतो, आणि मागून बायकांच्या घोळक्यातून एक घोगरा आवाज, न घेतलेल्या नावासाठी, एकटाच येतो,

“व्हय म्हाराजा!”